निम्मी पार्सलं परत येतात, हे काम सोडून देऊ का?

पत्र असं आहे:

"दादा, मी सटाण्याकडचा, वय २४, आयटीआय फिटर. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, ब्रेक दिला आणि परत बोलावलंच नाही. आता ऑनलाईन शॉपिंगच्या पार्सलच्या हबवर एका वेंडरकडून, म्हणजे ठेकेदाराकडून, डिलिव्हरीला लागलोय, रूट सिडकोचा, गाडी मामाची स्प्लेंडर. तिसरा आठवडा चालू आहे. जुनी पोरं ८०-९० पार्सल टाकून चार-साडेचारला मोकळी होतात, मी ६० घेऊन निघतो आणि निम्मी परत आणतो. इन्चार्ज सगळ्यांसमोर बोलतो. गेल्या शुक्रवारी कॅशमध्ये १,१५० रुपये कमी आले, ते पेमेंटमधून कापणार म्हणतात. वर सांगतात, राहिलेल्याला 'कस्टमर घरी नाही' टाकून मोकळा हो. नवी गाडी हप्त्यावर घ्यावी का असंही डोक्यात चाललंय. वडील म्हणतात पोतीच वाहायची होती तर शिकलास कशाला, शेतात काय कमी पोती होती. माझ्याने होईल का हे, की सोडून देऊ?"

भावा, सोडू नकोस, निदान पार्सलं परत येतात या कारणासाठी तरी नको. तिसऱ्या आठवड्यात सिडकोच्या रूटवर ६० पैकी ३० टाकणं ही काही लाजायची गोष्ट नाहीये. मी या लाईनमध्ये बरीच वर्षं काढलीत, आधी गाडीवर आणि मग हबवर, आणि नवीन पोरगं सुरुवातीला बॅग अर्धी परत आणतं हे कायम बघत आलोय. इन्चार्जलाही हे माहीत असतं, तो बोलतो कारण संध्याकाळी त्याला वरून पेंडिंगचा, म्हणजे न पोचलेल्या पार्सलांचा, आकडा विचारतात आणि त्याला कोणावर तरी ओरडायचं असतं. त्याचं बोलणं मनाला लावून घेऊन तू गाडी पळवायला लागशील याचीच मला भीती वाटते, म्हणून आधी तेच सांगतो.

तुला वाटतंय जुनी पोरं फास्ट गाडी मारतात म्हणून चारला मोकळी होतात. हिशोब करून बघ. समज तुझा दिवसाचा रूट ३० किलोमीटरचा आहे, गल्लीबोळातून तू ताशी २५ ने चालवलीस तर सव्वा तासाच्या आत गाडीवरचा वेळ संपतो, आणि जीव धोक्यात घालून ३५ ने मारलीस तर साधारण ५० मिनिटं. म्हणजे सगळा दिवस कट मारून तुला मिळाली २० मिनिटं. आता दुसऱ्या बाजूने बघ, प्रत्येक पार्सलमागे फक्त एक मिनिट वाचवलंस, बॅगेत शोधण्याचं, फोन लावण्याचं, चुकीच्या जिन्याने वर जाण्याचं, सुट्ट्यासाठी थांबण्याचं, तर ६० पार्सलला तुझा पूर्ण एक तास वाचला. वेळ रस्त्यावर नाही वाचत रे, हबच्या फरशीवर आणि लोकांच्या गेटवर वाचतो, आणि जुन्या पोरांना नेमकं तेच जमलेलं असतं.

त्यामुळे सकाळी हबवर अर्धा तास आधी जा. पार्सलं तुझ्या नावावर स्कॅन होताना स्वतः तिथे उभा राहा आणि स्वतः मोज, रन शीटवर, म्हणजे दिवसाच्या पार्सलांच्या यादीवर, ६० आणि हातात ५९ असेल तर ते एक आत्ताच बोल, गेटच्या बाहेर पडल्यावर ते तुझं हरवलेलं धरलं जातं. फाटलेला बॉक्स, उघडलेली टेप, आतून काच वाजतेय असं काही असेल तर लगेच फोटो काढ आणि इन्चार्जच्या ग्रुपवर टाक, मगच उचल किंवा उचलूच नकोस. मग सगळी पार्सलं फरशीवर पसर आणि चौकाप्रमाणे ढीग कर, त्रिमूर्ती चौक वेगळा, पवननगर वेगळं, उत्तमनगर वेगळं, राणेनगर वेगळं. प्रत्येक ढिगात गल्लीचा क्रम लाव आणि जाड मार्करने पार्सलच्या एका कोपऱ्यावर नंबर टाक, १, २, ३, असा ६० पर्यंत. बॅग भरताना शेवटचे नंबर खाली, पहिले वर, आणि कपड्यांची प्लॅस्टिकची पाकिटं बॅगेत टाकायचीच नाहीत, ती वेगळ्या पिशवीत उभी लावायची म्हणजे नंबर वरून दिसतो. ॲप रूट लावून देतं ते चुकीचं असतं असं नाही पण ॲपला माहीत नसतं की ती गल्ली पुढे भिंत घालून बंद केलीय. सुरुवातीला या मांडामांडीत पाऊण तास जाईल आणि बाकीची पोरं निघून गेलेली दिसतील, जाऊदे त्यांना.

आता सिडको. हा रूट नवीन माणसाला अवघडच आहे, सरकारी वसाहतीच्या सहा स्कीम, एकसारखी छोटी घरं, आता त्यातल्या अर्ध्यांवर वर मजले चढलेत, आणि पत्ता म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. शेजारच्या शेजारी नंबर असेल याचीही गॅरंटी नाही. इथे मॅपचं लोकेशन चौकापर्यंत आणतं, पुढचं तुला पाठ करावं लागतं. एक छोटी वही ठेव, मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवलीस तरी चालेल, आणि जे घर शोधायला दहा मिनिटं लागली ते लिहून ठेव, अमुक नंबर, गणपती मंदिराच्या मागची गल्ली, निळं गेट, कुत्रं आहे. पार्सल मागवणारी घरं तीच तीच असतात, महिन्या-दीड महिन्यात तुझ्या लक्षात येईल की रोजच्या साठात निम्मी नावं ओळखीची आहेत. आणि लाज न बाळगता विचार, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, किराणावाला, यांना गल्लीतलं घर न् घर माहीत असतं. इस्त्रीवाल्याशी तर ओळखच कर.

फोनचं पण तसंच आहे. दारात जाऊन फोन लावायचा, तो उचलत नाही, पाच मिनिटं उभं राहायचं, यात तुझा दिवस जातोय. एका गल्लीत शिरण्याआधी त्या गल्लीतल्या तीन-चार जणांना एकदम फोन लाव, दहा मिनिटांत येतोय, घरी कोण आहे, कॅश असेल तर इतके सुट्टे काढून ठेवा. फोन ॲपमधूनच लाव म्हणजे रेकॉर्ड राहतो. तू स्वतः अंबडला कामाला होतास म्हणजे तुला शिफ्टचं गणित सांगायला नको, सिडकोतली कितीतरी घरं अंबड-सातपूरच्या शिफ्टवर चालतात, फर्स्ट शिफ्टवाला तीननंतर भेटतो, नाईटवाला सकाळी झोपलेला असतो आणि बेल वाजवली की चिडतो. हे तुला बाकीच्या पोरांपेक्षा जास्त कळतं, त्याचा फायदा घे आणि त्या घरांचा क्रम तसा लाव.

आता पैशाचं, १,१५० चं. आधी शांतपणे शुक्रवारची यादी काढ. ॲपमध्ये सीओडीची, म्हणजे दारात पैसे घ्यायच्या पार्सलांची, प्रत्येक एन्ट्री असते, कुठली कॅश म्हणून मार्क झाली आणि कुठली क्यूआरवर आली. नव्या पोरांचा घोळ बहुतेक वेळा इथेच असतो, कस्टमरने क्यूआर स्कॅन करून पैसे दिले आणि घाईत बटण दाबलं गेलं कॅशचं. तसं निघालं तर कस्टमरकडे पेमेंटचा स्क्रीनशॉट असतो, तो माग, लोक देतात. तसं नसेल तर इन्चार्जला लेखी विचार, तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून, की कुठल्या शिपमेंटचे किती कमी आहेत ते नंबरसकट सांगा. नुसतं "कमी आले" म्हणून कोणी पैसे कापत असेल तर ते मान्य करू नकोस. हे विचारायला भांडणाची गरज नसते, सरळ विचारायचं.

आणि उद्यापासून दारात असं कर. पैसे हातात घेतले की खिशात घालायच्या आधी कस्टमरच्या समोर मोज आणि तोंडाने आकडा बोल, "दोन हजारातले सतराशे वीस झाले, हे तुमचे दोनशे ऐंशी", म्हणजे चूक असेल तर दोघांना तिथेच कळते. पाचशेची नोट हातात घेऊन उजेडात बघ, कोणी रागावणार नाही, दुकानदार पण बघतात. कंपनीची कॅश वेगळ्या पाऊचमध्ये आणि चेन लावून, तुझा चहापाण्याचा पैसा वेगळ्या खिशात, एकत्र अजिबात नको, पेट्रोल कमी पडलं म्हणून कंपनीच्या कॅशमधले शंभर काढायचे आणि रात्री टाकतो म्हणायचं हेही नको. कस्टमर म्हणाला तुझ्या नंबरवर पाठवतो तर नाही म्हण, पैसे फक्त ॲपमध्ये दिसणाऱ्या क्यूआरवर, तुझ्या पर्सनल खात्यात आलेला एक रुपया पण उद्या चोरीचा आळ घालायला पुरतो. सुट्टे सकाळीच घेऊन निघ, दहा-वीसच्या नोटा. संध्याकाळी कॅश त्याच दिवशी जमा कर आणि स्लिपचा फोटो काढून ठेव, उद्या एकदम भरतो असं कधीच नको, रात्रभर दुसऱ्याचे पंधरा-वीस हजार रूमवर ठेवायची जबाबदारी तू का घेतोस?

"कस्टमर घरी नाही" टाकून दे म्हणतात ना, हे करू नकोस. अजिबात करू नकोस. मला माहितीये सगळीकडे चालतं, पेंडिंगचा आकडा सुंदर दिसतो आणि सगळे घरी जातात. पण त्या घरात कोणीतरी दिवसभर त्या पार्सलची वाट बघत बसलेलं असतं, कधी ते कोणाच्या बापाचं बीपी मोजायचं मशीन असतं, आणि त्यांच्या मोबाईलवर मेसेज येतो की आम्ही आलो होतो तुम्ही नव्हतात. ते कंप्लेंट करतात. कंप्लेंट झाली की कंपनी तुझं लोकेशन आणि कॉलचा रेकॉर्ड काढते, त्यात दिसतं तू त्या गल्लीत गेलाच नाहीस, फोनही नाही केलास. मग आयडी ब्लॉक होतो तो तुझा, सांगणाऱ्याचा नाही, आणि त्याने सांगितलं याला पुरावा काय तुझ्याकडे? वेळ संपली तर जे खरं कारण आहे ते टाक. आकडा वाईट दिसेल, दिसूदे. इन्चार्जला सांग की मी ४५ नेतो पण ४० टाकून येतो, मला ६० देऊ नका अजून पंधरा दिवस. बरेच इन्चार्ज हे ऐकतात कारण त्यांनाही परत आलेला माल पुन्हा स्कॅन करायचा कंटाळा असतो.

ओटीपीचं एकच, पार्सल हातात दिल्याशिवाय ओटीपी मागू नको आणि ओटीपी आल्याशिवाय पार्सल सोडू नको, दोन्ही समोरासमोर. "शेजारी ठेवा, ओटीपी नंतर पाठवतो" हे महागाच्या पार्सलला नाही म्हणायचं. आणि रिटर्न पिकअपमध्ये, म्हणजे कस्टमरकडून परत घ्यायच्या मालात, मोबाईल असला तर घाई करू नकोस. कस्टमर घाई करेल, चहा देईल, गप्पा मारेल, पण तू फोन चालू करून स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, काढ आणि बॉक्सवरच्या आणि ॲपमधल्या नंबराशी पंधराच्या पंधरा आकडे जुळव, रंग, मॉडेल, चार्जर, स्क्रीनवरचा तडा, सगळ्याचे फोटो. फोन चालूच होत नसेल तर ॲपमध्ये तसं टाक आणि पिकअप घेऊ नकोस. एक बदललेला मोबाईल तुझ्या नावावर पडला तर महिन्याची कमाई जाते, आणि सगळ्यात जास्त नवीनच पोरं यात फसतात कारण त्यांना दारात उभं राहून तपासायचा संकोच वाटतो.

नवी गाडी. नको. कागदावर मांडून दाखवतो. समज पार्सलला १४ रुपये रेट धरला आणि तू ६० टाकलेस, झाले ८४०. हबला जाणं-येणं धरून ५० किलोमीटर, गाडी ५० चं ॲव्हरेज देते धरलं तर एक लिटर पेट्रोल, शंभराच्या वर, १०५ धर. ऑईल, चेन, टायर, ब्रेक शू यांच्यासाठी किलोमीटरला दीड रुपया बाजूला ठेव, ७५ झाले, हे ठेवलेच पाहिजेत नाहीतर टायर बदलायच्या दिवशी उसने मागशील. चहा-नाश्ता ६०. उरले ६००. महिन्याचे २६ दिवस भरलेस तर १५,६००. यातून रूमचं भाडं, मेस, घरी पाठवायचे. यात साडेतीन हजाराचा हप्ता घातलास की हातात राहिले १२,१००, आणि ज्या दिवशी ताप आला त्या दिवशी कमाई शून्य पण हप्ता चालू. स्प्लेंडर या कामाला चांगली गाडी आहे, मामाला विचारून चेन-स्प्रॉकेट आणि मागचा टायर बदलून घे, वेळेवर ऑईल बदल. तुझा खरा रेट काय आहे तो यात घालून हाच हिशोब रोज रात्री लिही, महिन्याने तुलाच कळेल हे काम तुला पुरतंय का.

वेंडरकडून मात्र काही गोष्टी विचारून घे आणि त्या या आठवड्यातच विचार. रेट किती, जड पार्सलला वेगळा आहे का, रिटर्न पिकअपचा किती, पेमेंट कोणत्या तारखेला, कुठल्या कारणाने किती कापतात. आणि तू त्यांच्या रोलवर आहेस की नुसता पार्सलमागे पैसे घेणारा, पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, आहे का. कॉन्ट्रॅक्टवर असताना तुला बहुतेक हे दोन्ही मिळत होतं, म्हणून समज तिकडचा पगार १४ हजार होता, तर तो आणि इकडची १५ हजार कमाई यांची तुलना सरळ करता येत नाही. काही वेंडर फिक्स पगार अधिक इन्सेंटिव्ह देतात आणि पीएफ भरतात, असा मिळाला तर रेट थोडा कमी असला तरी तो बरा. टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स, १ टक्का कापत असतील तर पॅन दिलाय ना बघ, पॅन नसेल तर २० टक्के जातो, आणि कापलेला टॅक्स इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून परत मिळू शकतो, तो बरीच पोरं तशीच सोडून देतात.

गाडीची कागदं मामाकडून मागून घेऊन डिजिलॉकरमध्ये किंवा निदान फोनमध्ये ठेव, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे ना ते आज बघ. इन्शुरन्स एजंटला स्पष्ट सांगून विचार की गाडी डिलिव्हरीला वापरतोय, क्लेम मिळेल का, कारण खाजगी वापराच्या पॉलिसीवर धंद्याचं काम करताना अपघात झाला की कंपन्या हरकत घेतात. तुझ्या स्वतःसाठी बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भर, वर्षाला २० रुपये खात्यातून कटतात आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. वीस रुपयांत हे मिळतं आणि तरी निम्म्या हबने काढलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. पीएफ नसेल तर ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी कर, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे ॲपवरून सुटं काम करणारे, पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आलेत, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम यासाठी द्यायची आहे. नाव नोंदलेलं असेल तर उद्या काही सुरू झालं की तू त्यात असशील. आणि एक घरच्यांनाही सांगून ठेव, रस्त्यावर अपघात झाला तर २०२५ पासून ठरवलेल्या हॉस्पिटलांमध्ये पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, ॲम्ब्युलन्सला १०८.

हेल्मेट आयएसआयचंच, पट्टा लावून. नाशकात २०२१ साली हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम निघाली तेव्हा पोरं पंपापुरतं उसनं हेल्मेट घालायची, तसं करू नकोस. फोन हँडलच्या होल्डरला लाव पण चालत्या गाडीवर स्क्रीनला हात नको. द्वारकेला आणि पाथर्डी फाट्याला हायवे क्रॉस करताना दोन मिनिटं थांब. बॅगेचं वजन खांद्यावर नको, सीटवर टेकू दे, नाहीतर कंबर जाते.

वडिलांचं. ते रागावलेत ते तुझ्या कामावर नाहीत असं मला वाटतं, कंपनीने ब्रेक दिला याचा त्यांना राग आहे आणि तो तुझ्यावर निघतोय. ज्या माणसाने कांद्याच्या भावावर घर चालवून पोराला आयटीआय केलं त्याला पोरगा परत वजन उचलताना बघणं जड जातं, एवढंच आहे ते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पहिल्या पूर्ण महिन्याचा हिशोब झाला की वही दाखव, किती आले किती गेले किती उरले. शेतकऱ्याला हिशोब कळतो. आणि फिटरचं सोडू नकोस, सर्टिफिकेट कुठे जात नाही पण हात आणि ओळखी जातात. तू दुपारी चारनंतर मोकळा व्हायला लागलास की अंबड-सातपूरच्या जुन्या सुपरवायझरना फोन कर, अप्रेंटिस किंवा परमनंटची भरती निघतेय का विचारत राहा.

तर सोडायचं कधी ते सांगतो. तीन महिने दे. या तीन महिन्यांत वेंडरने दोनदा पेमेंट लटकवलं, किंवा कारण न लिहिता पैसे कापले, किंवा खोटी एन्ट्री टाक म्हणून जबरदस्ती केली, यातलं काही झालं तर काम सोडू नकोस, वेंडर सोड. नाशकात पार्सलचे हब काही एकच नाहीयेत आणि सिडकोचा रूट पाठ असलेला पोरगा कुठल्याही हबला हवा असतो. आणि तीन महिने नीट करूनही वहीत बारा हजाराच्या खालीच उरत असतील तर मग दुसरं बघ, त्यात काही हरणं नाही.

उद्या सकाळी आधी त्या १,१५० चा मेसेज टाक, शिपमेंट नंबर मागून. काय उत्तर येतं ते मला कळव, उत्तरच आलं नाही तर तेही कळव, मग पुढचा मेसेज काय लिहायचा ते बघू.